काळा प्रोब कुठे होता?

दार लोटून घे आणि बस. बाकीची मुलं जाईपर्यंत मी मुद्दाम थांबलो, चारचौघांत तुझा पाणउतारा करायचा नव्हता. पण जे बोलायचंय ते आज बोलणारच आहे, आणि माझं संपेपर्यंत तू ऐकायचंस.

हे जॉबकार्ड तुझंच ना? अक्षर तुझंच आहे. ‘मशीन अचानक रीस्टार्ट होते. १२ व्होल्ट – ७.९. ३.३ व्होल्ट – २.९. एसएमपीएस खराब. नवीन बसवला. रुपये १८००.’ खाली तुझी सही. आणि त्याच मशीनचं आठ दिवसांनंतरचं हे दुसरं कार्ड: ‘पुन्हा रीस्टार्ट. १२ व्होल्ट – ७.९. मदरबोर्ड खराब.’

अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी करणाऱ्या त्या बाई काल माझ्याकडे आल्या होत्या. तक्रार करायला आल्या नव्हत्या, सल्ला विचारायला आल्या होत्या. मदरबोर्ड बदलायचा की मशीनच नवीन घ्यायचं? परीक्षा तोंडावर आल्यात, प्रश्नपत्रिकांचं काम अंगावर आहे, आणि मशीन पानाच्या मध्येच बंद पडतंय. तुझ्याविषयी एक वाईट शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. ‘तुमचा मुलगा म्हणाला’ एवढंच त्या म्हणाल्या. तुमचा मुलगा! मान खाली घालून मी ते ऐकलं.

आता ही दोन कार्डं शेजारी ठेव आणि नीट बघ. जुन्या सप्लायवर, म्हणजे एसएमपीएसवर, ७.९ आणि नव्या सप्लायवरही ७.९. दोन वेगळे सप्लाय, एक पाच वर्षं वापरलेला आणि एक खोक्यातून नुकताच काढलेला, दशांशापर्यंत सारखेच बिघडतात का? तो आकडा दुसऱ्यांदा दिसला त्याच क्षणी तुझा हात थांबायला हवा होता. सप्लाय बदलला आणि रीडिंग हललं नाही, म्हणजे ते रीडिंग सप्लायचं नव्हतंच. ही गोष्ट तुझ्या डोळ्यांसमोर होती. तू ती लिहिलीस, तिच्याखाली सही केलीस, आणि तिच्यावर क्षणभरही विचार केला नाहीस. मला राग आलाय तो ह्याचा. चूक कुणाचीही होते. चूक समोर उभी राहून हाका मारत असताना तिच्याकडे पाठ फिरवायची, हे मी खपवून घेणार नाही.

ते ७.९ आलं कुठून? मशीनवर एक प्रोग्रॅम टाकलास आणि पडद्यावर दिसलं ते खरं मानलंस. तो आकडा पडद्यावर कसा पोचतो ते मी फळ्यावर काढून दाखवलं होतं. तुझ्या वहीत नसेल तर आता लिही. मदरबोर्डवर मोजमाप करणारी एक चिप असते. तिला थेट १२ व्होल्ट सोसत नाहीत. म्हणून दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज भागायचं, चिपला लहानसा भाग द्यायचा, आणि प्रोग्रॅमने तो पुन्हा गुणून पडद्यावर दाखवायचा. समज, बोर्ड बनवणाऱ्याने १२ने भागलं, चिपला १ व्होल्ट मिळाला. प्रोग्रॅमला हा बोर्ड माहीत नाही, त्याने ८ने गुणलं. पडद्यावर ८ व्होल्ट आले. सप्लायमध्ये काहीही बिघडलेलं नसताना! भागाकार कितीचा, हे प्रत्येक बोर्डावर वेगळं असू शकतं. म्हणून पडद्यावरचा आकडा ही एक खबर समजायची, तिच्यावरून निकाल द्यायचा नाही.

आणि ती खबर खोटी आहे हे त्याच पडद्यावर लिहिलेलं होतं. तिथे उणे ५ व्होल्टचंही रीडिंग दिसत होतं, बरोबर? उणे ५ची पांढरी तार कितीतरी वर्षांपूर्वीच सप्लायमधून गेली. जी तार मशीनमध्ये नाही तिचं व्होल्टेज जो प्रोग्रॅम सांगतो, त्याच्या भरवशावर तू एका बाईचे अठराशे रुपये खर्ची घातलेस. तुझं दुसरं रीडिंग, २.९, ते ३.३च्या लाइनचं नव्हतंच. ते मदरबोर्डवरच्या ३ व्होल्टच्या गोल सेलचं होतं. नाव न वाचता आकडा उतरवलास.

आता असं समजू की १२च्या लाइनवर खरोखर ७.९ व्होल्ट होते. मग काय व्हायला हवं होतं? हार्ड डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते, पंखे १२वर फिरतात, प्रोसेसरला लागणारी वीज ह्याच १२मधून तयार होते. सप्लायमधून एक करडी तार निघते. आतली सगळी व्होल्टेज जागेवर आली की सेकंदाच्या दहाव्या ते अर्ध्या हिश्श्यानंतर ती ‘सगळं ठीक आहे’ असा ५ व्होल्टचा इशारा बोर्डाला देते. १२ची लाइन ७.९पर्यंत बसली तर तो इशारा बंद होतो आणि मशीन चालूच राहत नाही. पण तू तर त्या मशीनवर बसून, प्रोग्रॅम उघडून, आरामात आकडा वाचत होतास. मशीन चालू आहे हाच तुझ्या आकड्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा होता.

आता तुझ्या मीटरकडे येतो. सकाळी विचारलं तेव्हा तू ठासून सांगितलंस की मीटरनेही मोजलं, १०.६ आलं आणि आकडा सारखा हलत होता. मी एकच प्रश्न विचारला. काळा प्रोब कुठे होता? तू म्हणालास, कॅबिनेटला. कॅबिनेटच्या कुठल्या भागाला? पत्र्याला. तो पत्रा रंगवलेला आहे. रंगावर टेकवलेला प्रोब म्हणजे हवेत धरलेला प्रोब. आकडा हलत होता कारण काळ्या प्रोबला टेकायला धड जागाच नव्हती.

हे मी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि आता शेवटचं सांगतोय. व्होल्टेज एका जागेचं कधीच नसतं, ते नेहमी दोन जागांमधलं असतं. ‘इथे १२ व्होल्ट आहेत’ हे वाक्य अर्धवट आहे. कशाच्या तुलनेत १२? लाल प्रोब कुठे लावला हे सगळेच सांगतात. जो काळा प्रोब कुठे लावला हेही सांगतो, त्याला मोजता येतं. काळा प्रोब त्याच कनेक्टरच्या काळ्या तारेवर लावायचा. मीटर डीसीच्या २० व्होल्टवर. लाल लीड व्होल्टच्या भोकात, कधीही १० अँपियरच्या भोकात नाही, कारण तिथे मीटर म्हणजे नुसती तार असते आणि सप्लाय शॉर्ट होतो. मीटरची बॅटरी उतरल्याची खूण दिसत असेल तर आधी ती बदलायची, कारण उतरलेल्या बॅटरीवर चांगलं मीटरही भलते आकडे दाखवतं. एवढं झालं की मग मोजायचं.

मर्यादा पाठ आहेत का? नसतील, म्हणून पुन्हा सांगतो. पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, जांभळी मशीन बंद असतानाही मिळणारे ५. ह्या सगळ्यांना ५ टक्के वरखाली चालतं. म्हणजे पिवळी ११.४० ते १२.६०, लाल आणि जांभळी ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. निळी उणे १२, तिला १० टक्के. ११.८ दिसले की सप्लाय गेला म्हणून ओरडायचं नाही. ११.३ दिसले तर मात्र झोपायचं नाही.

आणि हे सगळं मोजायचं लोडवर. तू सप्लाय टेबलावर काढून हिरवी तार काळीला जोडलीस, पंखा फिरला, तेव्हा पिवळीवर १२.१ आले, आणि ते तू कार्डावर लिहिलंसुद्धा नाहीस, कारण ते तुझ्या निदानात बसत नव्हतं. जे रीडिंग आपल्या मताविरुद्ध जातं तेच आधी लिहायचं असतं. त्या चाचणीतून सप्लाय चालू होतो एवढंच कळतं. रिकामी हातगाडी कुणीही ढकलतो. तिच्यावर पोती चढवली की चाक कुठे रुततं ते कळतं. सगळं जोडलेलं असताना, मशीन भरपूर कामाला लावून, कनेक्टरच्या मागच्या बाजूने, तार जिथे आत शिरते तिथे प्रोब घालून मोजायचं. आधी निवांत मशीनवर, मग कामाला लागलेल्या मशीनवर. दोन्ही रीडिंग लिहायची आणि त्यांतला फरक वाचायचा.

हा फरकच सगळं सांगतो. तिन्ही लाइन एकदम बसत असतील तर संशय मुळाशी घ्यायचा: सप्लाय थकलाय, किंवा त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं आहे, किंवा भिंतीतून येणारी वीजच फार कमी आहे. पिवळी बसतेय आणि लाल उलट चढतेय, तर जुन्या घडणीच्या सप्लायवर एकाच बाजूने भार पडलाय. सप्लायवरच्या लेबलवर ४५० वॅट छापलेलं असतं त्यावर जाऊ नकोस, त्याच लेबलवर १२च्या लाइनचे अँपियर वाच. १८ अँपियर असतील तर १२वर २१६ वॅटच मिळणार, आणि आजच्या मशीनची जवळजवळ सगळी भूक १२वरच असते. आणि एका कनेक्टरवर व्होल्टेज ठीक, दुसऱ्यावर कमी असेल तर सप्लायकडे बघूच नकोस. मधल्या तारेकडे आणि सांध्याकडे बघ.

बाईंच्या मशीनमध्ये हेच होतं. काल संध्याकाळी मी ते स्वतः उघडलं. चोवीस पिनच्या कनेक्टरवर पिवळी १२.०. प्रोसेसरला वीज देणारा जो चार पिनचा कनेक्टर असतो, त्याच्या मागून मोजलं, तिथेही १२.०. मग काळा प्रोब तसाच ठेवून लाल प्रोब त्या सॉकेटच्या शेजारच्या कॉइलच्या पायावर टेकवला. ११.१. आकडा थरथरत होता. कनेक्टरच्या तारेत १२ व्होल्ट आणि दोन बोटांवर ११.१. मधले ०.९ व्होल्ट गेले कुठे? त्या सांध्यात. जुन्या सप्लायचा कनेक्टर बघितला तर पिवळ्या तारांच्या पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. बोर्डावरच्या सॉकेटची पिन काळी पडलेली. तू बसवलेल्या नव्या सप्लायचा कनेक्टरसुद्धा आठ दिवसांत पिवळट व्हायला लागलाय.

गणित कर. त्या सांध्यातून ८ अँपियर करंट जात असेल आणि तिथे ०.९ व्होल्ट पडत असतील, तर ७.२ वॅट उष्णता तिथल्या तिथे तयार होते. तुझ्या खोक्यातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे. त्याच्या पाव हिश्श्याहून जास्त उष्णता त्या इवल्याशा पिनांत कोंडली जात होती. काम वाढलं की करंट वाढतो, करंट वाढला की पिन तापते, तापली की पकड ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते. मग क्षणभर सांधा सुटतो आणि बाईंचं पान जातं. त्यांनी तुला सांगितलंही होतं की मोठी फाइल उघडली की मशीन बंद पडतं. तुझ्या कार्डावर ते वाक्य नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आग पिनेत होती, तू सप्लाय बदललास, आणि आता मदरबोर्ड बदलायला निघाला होतास.

मी बोर्डावरचं सॉकेट बदललं, जुन्या सप्लायच्या कनेक्टरमधल्या पिना बदलल्या आणि जुनाच सप्लाय परत लावला. चार तास मशीन भरपूर कामाला लावलं. पिवळी ११.९२, लाल ५.०४, नारिंगी ३.३१. कॉइलच्या पायावर ११.८६. सांध्यात पडणारं व्होल्टेज ०.९ वरून ०.०६ वर आलं. ज्याला तू खराब म्हणालास तो सप्लाय चांगला आहे.

मीटर सगळं सांगतं असाही समज करून घेऊ नकोस. मीटर सरासरी दाखवतं. १२च्या लाइनवर व्होल्टेजची जी बारीक लहर असते ती १२० मिलिव्होल्टच्या आत हवी, ५ आणि ३.३वर ५० मिलिव्होल्टच्या आत. कपॅसिटर वाळले की ही लहर वाढते, मशीन अडखळतं, आणि मीटरवर मात्र १२.० दिसत राहतात. त्यासाठी ऑसिलोस्कोप आहे, कोपऱ्यात आच्छादन घालून ठेवलाय, आणि तू वर्षभरात एकदाही तो मागितला नाहीस. बंद खोलीत, धूळ भरलेल्या कॅबिनेटमध्ये कपॅसिटर तापतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून पंख्याची धूळ आधी झटकायची आणि मग निदान करायचं.

आता ज्या गोष्टीने काल रात्री मला झोप लागली नाही, ती सांगतो. तुझ्या शेजारी बसणारा मुलगा म्हणाला की तू त्या जुन्या सप्लायचं झाकण उघडलंस. प्लग काढून मिनिटही झालं नव्हतं आणि आत बोट घालून फुगलेला कपॅसिटर शोधत होतास. भिंतीतली वीज २३० व्होल्ट. ती सप्लायमध्ये शिरताच तिचे सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतात, काही सप्लायमध्ये त्याहूनही जास्त, आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात. प्लग काढला म्हणून ते नाहीसे होत नाहीत. तुला काही झालं असतं तर तुझ्या आईसमोर मी कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो? माझ्यासमोर, माझ्या परवानगीने, कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करूनच झाकण उघडायचं. पुन्हा एकट्याने उघडलेलं कळलं तर ह्या खोलीत तुला जागा नाही. हे मी शांतपणे सांगतोय आणि पुन्हा सांगणार नाही.

तू मूर्ख नाहीस. मूर्ख असतास तर मी तासभर घसा कोरडा केला नसता. तुझा हात चांगला आहे, तुझं सोल्डरिंग ह्या बॅचमध्ये सगळ्यांत स्वच्छ आहे. पण तुला घाई झालीय. पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीत, ह्या आपल्या बुधवार पेठेत काय मिळत नाही? रेझिस्टरपासून सप्लायपर्यंत हवी ती वस्तू पाच मिनिटांत हातात येते. वस्तू इतकी जवळ असली की डोकं चालवण्यापेक्षा पार्ट बदलणं सोपं वाटतं. बदलून बघू, लागला तर लागला! पण त्या बदलून बघण्याचे पैसे कोण देतं? तू देत नाहीस. ज्याला ह्यातलं काही कळत नाही तो देतो. बाईंना ७.९ म्हणजे काय ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनी तुझ्यावर विश्वास टाकला. तू त्या विश्वासाचं बिल केलंस.

इथून दगडूशेठच्या मंदिराकडे गेलास की समोर भिडे वाड्याची जागा लागते. रोज तिथून जातोस. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. कळणाऱ्याने न कळणाऱ्याला नाडायचं, ही रीत मोडायला ती माणसं उभी राहिली होती. त्याच पेठेत बसून आपण चार गोष्टी शिकायच्या आणि त्या चार गोष्टींच्या जोरावर एका कष्ट करणाऱ्या बाईच्या खिशात हात घालायचा? तुझ्या मनात लबाडी नव्हती हे मला ठाऊक आहे. पण न मोजता दिलेल्या निकालाने समोरच्याचं नुकसान तेवढंच होतं, मनात काय होतं ते त्यात धरत नाहीत.

आता काय करायचं ते ऐक. उद्या सकाळी दहाला बाईंच्या दुकानात जायचं. एकट्याने. तू बसवलेला सप्लाय परत घ्यायचा आणि अठराशे रुपये त्यांच्या हातात द्यायचे. दुकानदाराने सप्लाय परत घेतला नाही तर ते पैसे तुझे गेले. लागले तर माझ्याकडून उसने घे, महिन्याला दोनशे फेड. त्यांना सांगायचं की चूक माझी होती, सप्लाय चांगला होता, पिन जळली होती. जळलेलं सॉकेट ह्या पुडीत ठेवलंय, ते त्यांना दाखवायचं आणि त्यांना कळेल अशा भाषेत समजावायचं. त्या काही बोलल्या तर ऐकून घ्यायचं.

मग त्यांच्या परवानगीने मशीन चालू करायचं, त्यांची सगळ्यांत मोठी फाइल उघडायची आणि मोजायचं. चोवीस पिनचा कनेक्टर, चार पिनचा कनेक्टर, कॉइलचा पाय. प्रत्येक ठिकाणी दोन रीडिंग: मशीन निवांत असतानाचं आणि कामाला लागल्यावरचं. प्रत्येक रीडिंगपुढे लाल प्रोब कुठे आणि काळा प्रोब कुठे, हे लिहायचं. काळ्या प्रोबची जागा रिकामी सोडलेलं एकही रीडिंग मी वाचणार नाही.

वही आणि मीटर आत्ताच घेऊन जा. मीटरमध्ये मी नवी बॅटरी घातलीय.